पैदाशीच्या बोकडाला खुराक काय, किती आणि कधीपासून? (शेळ्या उलटतायत, म्हणजे गाभ न धरता परत माजावर येतायत)

बालाघाट_उस्मानाबादी (तुळजापूर)
राम राम मंडळी. उस्मानाबादी शेळ्या आहेत पस्तीसेक, अर्धबंदिस्त, सकाळी तीन-चार तास डोंगराला जातात बाकी गोठ्यात. बोकड एकच, चार दाती, बाहेरून आणलेला, दिसायला एकदम टकाटक. पावसाच्या तोंडावर शेळ्या माजावर आल्या, बोकड लागला, सगळं बरोबर वाटलं, आणि आता वीस-एकवीस दिवसांनी निम्म्याहून जास्त परत माजावर. म्हणजे बोकडाला इच्छा आहे, उडतोय पण व्यवस्थित, पण गाभ धरत नाहीत. डॉक्टरांनी शेळ्या बघितल्या, ब्रुसेला म्हणजे गाभ पाडणाऱ्या रोगासाठी रक्त तपासून घेतलं, ते निगेटिव्ह आलं. ते म्हणले एकदा बोकडाच्या खाण्याकडं बघा. आता खाणं म्हणजे शेळ्यांना जे तेच त्याला, वेगळं कोण करतंय. मार्चपासून हिरवं नव्हतंच, तुरीचं भुसकट, कडब्याची कुट्टी, कारखाना चालू होता तोवर उसाचं वाढं, आणि वरून सरकी पेंड. बोकड काय वाळलेला नाही राव, मग खाण्याचा काय संबंध? जाणकारांनी सांगा.

रानवारा७
बोकड बदला, विषय संपला. एवढा विचार आम्ही लग्नाच्या वेळी पण केला नव्हता 😄

नगरी_संगमनेरी
बदला म्हणणं सोपं आहे, चांगला बोकड आणायला आज किती पैसे पडतात ते बघा. आणि दादा, पस्तीस शेळ्या एकट्यावर जास्त होतात. जाणता बोकड असेल तर पंचवीस ते तीस, आणि नवखा असेल तर दहा-पंधराच्या वर नाही. त्यात पावसाच्या सुरुवातीला सगळ्या एकदम माजावर येतात, एका दिवसात चार-पाच शेळ्या असल्या की शेवटच्या शेळीला काय पोचत असेल तुम्हीच विचार करा. तुमचा बोकड शेळ्यांतच मोकळा असतो का वेगळा बांधता?

बालाघाट_उस्मानाबादी
मोकळाच असतो. २४ तास शेळ्यांत.

पशुवैद्य_सोलापूर
धागा चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

"बोकड वाळलेला नाही मग खाण्याचा काय संबंध" हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक फार्मवर ऐकायला मिळतो. संबंध असा आहे की बोकड आज जे वीर्य देतो ते आजच्या खुराकाचं नसतं. अंडकोषात शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ४७-४८ दिवस लागतात, त्यानंतर नळीतून पुढे सरकत पक्व व्हायला अजून दहा-बारा दिवस, म्हणजे धरून चाला दोन महिने. जूनमध्ये तुमचा बोकड शेळीवर गेला तेव्हा त्यानं वापरलेला माल एप्रिलमध्ये बनायला लागला होता. एप्रिल-मे मध्ये तुमच्याकडे काय होतं? ४२ डिग्री ऊन आणि कडबा. अंडकोष अंगापेक्षा ४-५ डिग्री थंड राहावे लागतात म्हणून तर निसर्गानं ते बाहेर लटकवलेत, पत्र्याखाली बांधलेल्या बोकडाला ते जमत नाही. आणि वरून हिरवं शून्य.

हिरव्या चाऱ्याचं एवढं का, तर व्हिटॅमिन ए. हिरव्या पाल्यातल्या कॅरोटीनपासून जनावर ते स्वतः बनवतं आणि लिव्हरमध्ये साठवतं, त्यामुळे महिना-दोन महिने हिरवं नसलं तर काही बिघडत नाही, पण मार्च ते जून कोरडं गेलं की साठा संपत येतो. कडब्यात आणि भुसकटात कॅरोटीन जवळपास नसतंच. अंडकोषातल्या ज्या थरात शुक्रजंतू तयार होतात तो व्हिटॅमिन ए शिवाय नीट काम करत नाही. बोकडाची इच्छा मात्र शाबूत राहते, कारण ती वेगळ्या हार्मोनवर चालते. म्हणून "उडतोय पण गाभ धरत नाही" हे चित्र दिसतं. तुमच्या केसमध्ये हेच आहे असं मी न तपासता म्हणणार नाही, पण पहिला संशय इथंच.

दुसरं झिंक म्हणजे जस्त. ते कमी पडलं की अंडकोष लहान राहतात, पायाच्या सांध्यांजवळ आणि तोंडाभोवती कातडी खवल्यासारखी जाड होते, खुरं ठिसूळ होतात. बोकडाचे मागचे पाय जरा उचलून बघा. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई शुक्रजंतूंच्या बाहेरच्या आवरणाला जपतात. हे सगळं चांगल्या कंपनीच्या मिनरल मिक्श्चरमधून मिळतं, फक्त ते रोज खाऊ घालावं लागतं, खुंटीला लटकवून ठेवलेल्या पिशवीतून नाही मिळत.

वाढं बंद करा असं म्हणत नाही पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, रोजचं खाणं तेच असेल तर चुन्याची निवळी शिंपडून द्या. सरकीचं नंतर लिहितो.

वऱ्हाडी_बेरारी (अकोला)
डॉक्टर साहेब सरकीचं आत्ताच सांगा ना, आमच्याकडं सगळा कारभारच सरकी ढेपीवर चालते. गाय म्हणू नका बकरी म्हणू नका. काहून बंद करायची ते तरी समजू द्या.

पशुवैद्य_सोलापूर
बंद करायची असं नाही भाऊ. सरकीत गॉसिपॉल नावाचा पदार्थ असतो, तो शुक्रजंतूच्या मधल्या भागावर, जिथून त्याला पळायची ताकद मिळते तिथं परिणाम करतो. गाय-शेळीच्या मोठ्या पोटात तो बराचसा बांधला जातो म्हणून मोठ्या जनावराला थोडीफार ढेप सोसते. पेंड काढताना जी उष्णता लागते त्यानं पण कमी होतो, अख्ख्या सरकीत मोकळा, म्हणजे न बांधला गेलेला, जास्त असतो. करडांचं पोट तयार झालेलं नसतं, त्यांना तो सरळ बाधतो. माझा नियम एवढाच, दुभत्या शेळ्यांना द्या, पण पैदाशीचा बोकड आणि पैदाशीसाठी ठेवलेली नर पिल्लं यांना शेंगदाणा पेंड किंवा सोयाबीन पेंड द्या. एका बोकडाला दिवसाला लागते ती मूठभर, खर्चात काय फरक पडतोय.

कृष्णाकाठची_शेळीवाली (सांगली)
नमस्कार. डॉक्टरांनी शास्त्र सांगितलं, मी गोठ्यातलं सांगते. आमच्याकडं बोकड शेळ्यांत सोडतच नाही. वेगळा कप्पा, पण शेळ्यांपासून लांब, वास पण जायला नको असा. मग हंगामाला एकदम समोर आणला की त्याच्या वासानंच शेळ्या आठवडा-दहा दिवसांत माजावर यायला लागतात. कायम आत असलेल्या बोकडाचं शेळ्यांना काय अप्रूप राहत नाही.

आणि खाण्याचा खरा घोळ हंगामातच होतो. माजावरची शेळी दिसली की हा गडी गव्हाणीकडं बघत नाही. स्वतःच्या दाढीवर मुतत बसतो, ओठ वर करून वास घेत हिंडतो, दुसऱ्या कशात लक्ष नाही. महिनाभरात कंबरेची हाडं वर येतात. म्हणून मी सकाळी शेळ्या बाहेर काढायच्या आधी याला वेगळा खुराक देते, तो पूर्ण संपला की मगच शेळी दाखवायची, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, आणि दिवसाला दोन-तीन शेळ्यांच्या वर नाही. शेळीचा माज दीड दिवसाच्या आसपास टिकतो, त्यामुळे आज सकाळी राहिली तर संध्याकाळी दाखवली तरी चालतं.

अजून एक, बोकडाच्या छातीला गेरू तेलात कालवून लावा. ज्या शेळीवर गेला तिच्या पाठीवर रंग उमटतो. वीस दिवसांनी रंग बदला. दुसरा रंग ज्यांच्या पाठीवर त्या उलटल्या, वहीत लिहायचं. नाहीतर सगळा अंदाजपंचे कारभार.

नगरी_संगमनेरी
ताई गेरूची आयडिया एक नंबर. खुराकात नेमकं काय देता ते पण टाका की.

कृष्णाकाठची_शेळीवाली
मक्याचा भरडा, शेंगपेंड, हरभऱ्याची चुनी (डाळ करताना उरणारा चुरा), गव्हाचा कोंडा, मीठ, मिनरल. प्रमाण आमच्या मालकांनी ठरवलंय, मी मापट्यानं घालते 😊 डॉक्टर सांगतील.

पशुवैद्य_सोलापूर
१०० किलो मिश्रण करायचं तर मका भरडा ५०, शेंगदाणा पेंड १२, हरभरा किंवा तूर चुनी १५, गव्हाचा कोंडा २०, मिनरल मिक्श्चर २, मीठ १. यात प्रथिनं १५ टक्क्यांच्या आसपास बसतात, बोकडाला भरपूर झाली.

आता किती. ४५ किलोचा बोकड धरा, त्याला वजनाच्या साडेतीन टक्के कोरडा अंश (चाऱ्यातलं पाणी सोडून उरतं ते), म्हणजे दिवसाला दीड किलोच्या आसपास लागतो. लसूण घास किंवा तसला हिरवा अडीच किलो, तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट पाऊण किलोच्या आत, आणि वरचं मिश्रण ४०० ग्रॅम. एवढ्यात गणित जमतं. इतर वेळी काम नसताना २०० ग्रॅम पुरे. वाढवायचं ते हंगामाच्या दोन महिने आधी, आणि एकदम नाही, आठवड्याला ५० ग्रॅमनं. एकदम धान्य ओतलं की पोट आंबतं, खुरं सुजतात, आणि लंगडा बोकड मागच्या दोन पायांवर उभाच राहू शकत नाही, मग वीर्य कितीही चांगलं असू द्या.

घाटमाथा_गोट्स (जुन्नर)
डॉक्टर माफ करा पण वीस टक्के कोंडा आणि पन्नास टक्के मका, हे पैदाशीच्या बोकडाला मला पटत नाही. मुतखड्याचं काय? कोंड्यात फॉस्फरस किती असतो! आमच्या भागात बंदिस्तमधले बोकड मुतखड्यानं जातात ते याच खुराकानं. कुंथत उभे राहतात, थेंब थेंब गळतो, लोकांना वाटतं पोट साफ होत नाही म्हणून जुलाबाचं औषध पाजतात आणि तिसऱ्या दिवशी बोकड जातो.

पशुवैद्य_सोलापूर
मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि तुम्ही काढला ते बरं झालं. बोकडाच्या लिंगाच्या टोकाला गांडुळासारखी बारीक शेपटी असते, खडा बहुतेक वेळा तिथंच अडकतो. कॅल्शियम आणि फॉस्फरस दोनास एक असायला पाहिजे, धान्य-कोंड्यात ते बरोबर उलटं असतं. वरच्या रेशनमध्ये लसूण घास आहे, त्यात कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून तोल सांभाळला जातो. पण ज्याच्याकडे घास नाही आणि नुसता कडबा आणि खुराक चाललाय त्यानं कोंडा निम्मा करावा, तेवढी चुनी वाढवावी आणि मिश्रणात एक टक्का शिंपला किंवा चुनखडीची भुकटी घालावी. अमोनियम क्लोराइड पण घालतात, मिश्रणाच्या अर्धा ते एक टक्का, पण ते तुमच्या डॉक्टरांना विचारून. आणि पाणी, हिवाळ्यात बोकड पाणी कमी पितो तेव्हा खडे जास्त होतात, कोमट पाणी ठेवा. मीठ घातलं की पितो.

उलट बाजूनं, नुसता लसूण घास एके लसूण घास पण नको. कॅल्शियम फार झालं की जस्त अंगी लागत नाही.

घाटमाथा_गोट्स
हां, आता पटलं. कुंथणारा बोकड दिसला की तासाभरात डॉक्टर, घरगुती प्रयोग नको, एवढं सगळ्यांनी लिहून ठेवा.

मोबाईल_शेतकरी
एक प्रश्न. बकरी ईद झाल्यावर न विकलेले मोठे मोठे बोकड स्वस्तात मिळतात. ७०-८० किलोचा सिरोही (राजस्थानी जात) क्रॉस मिळतोय, अंडील आहे, खच्ची केलेला नाही. पैदाशीला घ्यावा का? दिसायला हत्ती आहे.

नगरी_संगमनेरी
हत्ती आहे हाच प्रॉब्लेम आहे 😂

पशुवैद्य_सोलापूर
ईदचा बोकड वजनासाठी पोसलेला असतो. मका, गहू, दूध, काही हौशी लोक खारीक-बदाम पण देतात, आणि कोपऱ्यात बांधून ठेवतात, हालचाल नाही. त्या चरबीचा काही भाग अंडकोषाच्या वरच्या मानेत साठतो. तिथं शिरांची जी जाळी असते तीच रक्त थंड करून खाली पाठवते, तिच्यावर चरबीचं पांघरूण पडलं की अंडकोष आतून गरम राहतात. बोकड धापा टाकतो, एक उडी मारली की बसतो. घ्यायचाच असेल तर अंडकोष हातात धरून बघा, दोन्ही सारखे, टणक पण दगडासारखे नाही, आणि वरची मान हाताला बारीक लागली पाहिजे. मान जाड गुबगुबीत असेल तर किमान दोन महिने थांबायची तयारी ठेवा. उपाशी मारून बारीक करू नका, धान्य हळूहळू कमी, पाला जास्त, आणि रोज चालवा. खाण्याची गव्हाण एका टोकाला आणि पाण्याची टाकी दुसऱ्या टोकाला ठेवली तरी बराच चालतो.

कृष्णाकाठची_शेळीवाली
बोकड जाड आहे की बरोबर हे डोळ्यानं कळत नाही, केसांत सगळं लपतं. कंबरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागं हात ठेवा, अंगठा मणक्यावर आणि बोटं बाजूच्या आडव्या हाडांवर. हाडांची टोकं करवतीसारखी टोचली तर वाळलाय. दाबल्यावर टोकं गोल लागली पण लागली, तर बरोबर. दाबून पण हाडच सापडत नसेल तर जाड. मग पुढच्या दोन पायांच्या मधे छातीच्या हाडावरची चरबी पण चिमटीत धरून बघायची. पाचातले तीन ते साडेतीन गुण हंगामाच्या सुरुवातीला, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. हंगाम संपेपर्यंत थोडा उतरणारच, म्हणून सुरुवातीला अगदी तीनच्या खाली नको.

कोकण_कन्याळ (सिंधुदुर्ग)
आमच्याकडची बाजू वेगळी आहे म्हणून लिहितो. हिरवं आम्हाला कमी नाही, फणसाचा पाला, आईन, शेवगा, बोकड आवडीनं खातात. आमचं दुखणं पाऊस. जून ते सप्टेंबर सगळं ओलं, खुरं सडतात, आणि जंत. बोकडाला कितीही खाऊ घाला, जंतच रक्त पितायत तर काय उपयोग. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा, लालगुलाबी चांगला, पांढरट असेल तर जंताचं औषध. पण सरसकट सगळ्यांना दर महिन्याला पाजू नका, जंतांना औषधाची सवय होते. आणि कोवळा पाणचट पाला पोटभर खाऊन पण बोकड उतरतो, कारण त्यात पाणीच जास्त, दोन घास सुकं रोज पाहिजेच.

रानवारा७
ते व्हॉट्सॲपवर एक पावडर फिरतेय, बोकडाला आठ दिवस द्या म्हणे, घोड्यासारखा होतो. कोणी वापरलीय का?

पशुवैद्य_सोलापूर
आठ दिवसांत वीर्य सुधारत नाही, वर दोन महिन्यांचं लिहिलंय ते वाचा. डब्यावर काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर बोकडाच्या तोंडात घालू नका. आणि कृपा करून सेलेनियमचं इंजेक्शन स्वतः टोचू नका, त्याची कमतरता आणि विषबाधा यात फार अंतर नसतं. अंडी, उडीद, अश्वगंधा असलं विचारणारे पण बरेच आहेत. मूळ चारा बरोबर नसेल तर हे सगळं वरवरचं, आणि चारा बरोबर असेल तर त्याची गरज राहत नाही. त्या पैशात शेवग्याची चार झाडं लावा.

बालाघाट_उस्मानाबादी
सगळ्यांचे आभार. आज बोकडाची कंबर बघितली ताई सांगतात तशी, हाडं टोचत नाहीत, ठीक आहे. पण खालच्या पायांची कातडी जाड आणि पांढरे खवले आहेत, आम्ही ते खरूज समजत होतो. डॉक्टर हे झिंकचं असेल का? आणि वीर्य तपासून मिळतं का कुठं?

पशुवैद्य_सोलापूर
खरूज पण असू शकते, दोन्ही सारखंच दिसतं. कातडी खरवडून स्लाइड बघितली की कळतं. तुम्हाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल, बोकड घेऊनच जा, एका फेरीत दोन्ही कामं होतील. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू किती पळतायत, किती वाकड्या शेपटीचे आहेत ते लगेच दिसतं. तोवर मिनरल मिक्श्चर रोज १५ ग्रॅम सुरू करा, पत्र्यावर पाचट टाका, दुपारी झाडाखाली बांधा. आणि आत्ताच्या माजाला शेजारचा चांगला बोकड मिळत असेल तर तो लावा, तुमच्या बोकडात फरक दिसायला ऑगस्टचा शेवट उजाडेल. शेळ्या पाच महिन्यांनी विणार, तुमचा पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

नगरी_संगमनेरी
शेजारचा बोकड आणताना त्याचं पण ब्रुसेला बघून घ्या. आणि तुमच्या बोकडाच्या मुली कळपात तयार झाल्या असतील तर दोन वर्षांनी तसंही तो बदलायचाच आहे. पुढचा बोकड निवडताना दुधाळ आईचा, जुळ्यातला घ्या, आणि तीन महिने आईचं पोटभर दूध प्यालेला. लहानपणी उपाशी राहिलेल्या नर पिल्लाचे अंडकोष उशिरा भरतात, नंतर कितीही घाला. आठव्या महिन्यात उडायला लागतो म्हणून लगेच कामाला लावू नका, वर्ष तरी होऊ द्या.

बालाघाट_उस्मानाबादी
शेजाऱ्याशी बोललो, तो द्यायला तयार आहे. आता एकच, उन्हाळ्यात हिरवं कुठून आणू? विहिरीला मार्चनंतर पाणी जेमतेम प्यायला पुरतं, लसूण घास काय जमायचा नाही.

घाटमाथा_गोट्स
दशरथ घास (शेंगवर्गीय चारा) लावा, एकदा मुरला की कमी पाण्यावर तग धरतो आणि तीन-चार वर्षं कापता येतो. बांधावर शेवगा आणि हादगा. सुबाभूळ पण चालेल पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नाही, त्यातल्या मिमोसिननं केस गळतात. आणि आत्ता पावसात जो पाला फुकट मिळतो तो सावलीत वाळवून पोत्यात भरा, उन्हात नाही, उन्हात कॅरोटीन उडून जातं. पाल्याचा रंग हिरवा राहिला पाहिजे.

बालाघाट_उस्मानाबादी
दशरथचं बी मागच्या वर्षी भावानं टाकलं होतं, उगवलंच नाही.

घाटमाथा_गोट्स
तसंच टाकलं असणार. त्याचं कवच कडक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, जरा निवू द्या, मग बी फडक्यात बांधून चार-पाच मिनिटं बुडवा, लगेच गार पाण्यात काढा आणि रात्रभर भिजत ठेवा. सकाळी सावलीत सुकवून वर वर पेरा, खोल गेलं की परत उगवणार नाही. पाऊस चांगला झालाय तर याच आठवड्यात उरका.